पातारा: वाळूखालचं शहर, वाळूतली घरटी

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, काश आणि फेथिये यांच्या मधे पातारा आहे. गेलेमिश गाव मागे टाकून खाली उतरलं की समुद्राच्या आधी शहरच सामोरं येतं. इ.स. १०० च्या सुमाराची तीन कमानींची रोमन वेस, थडगी, स्नानगृहांच्या भिंती आणि त्यांच्यापुढे बोरूने भरलेली दलदल. ही दलदल म्हणजे पाताराचं जुनं बंदर! नदीचा गाळ आणि वाऱ्याने लोटलेली वाळू यांनी ते हळूहळू बुजवलं, आणि जहाजं यायची थांबल्यावर शहरही ओस पडलं.

मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळलो तो सभागृहात. लिशिया म्हणजे या किनाऱ्यावरचा प्राचीन प्रदेश. त्यातल्या २३ शहरांच्या संघाचे प्रतिनिधी इथे जमत. मोठ्या शहराला तीन मतं, मध्यम शहराला दोन, लहानाला एक. अठराव्या शतकात अमेरिकेच्या राज्यघटनेवर वाद झडत होते, तेव्हा त्या घटनेची बाजू मांडणाऱ्या हॅमिल्टन आणि मॅडिसन यांनी याच संघाचा दाखला दिला होता. डागडुजी केलेल्या त्या अर्धवर्तुळाकार दगडी पायऱ्यांवर कुणीही जाऊन बसू शकतं. मी बसलो आणि खरंच भारावून गेलो. शेजारचं नाट्यगृह काही दशकांपूर्वीपर्यंत वाळूने अर्धंअधिक भरलेलं होतं.

टेकड्या ओलांडल्या की किनारा दिसतो. दहा किलोमीटरहून लांब, आणि त्यावर एकही हॉटेल नाही! प्रवेशाजवळ एक उपाहारगृह, बस्स. एक तर हा पुरातत्त्वीय परिसर, शिवाय १९९० पासून विशेष संरक्षित क्षेत्र, म्हणून बांधकामाला मज्जाव आहे. ज्या वाळूने शहर गिळलं, तिच्यातच उन्हाळ्यात लॉगरहेड जातीच्या समुद्री कासविणी अंडी घालतात. पिल्लं साधारण दोन महिन्यांनी बाहेर येतात. वाळू जास्त तापलेली असेल तर माद्या अधिक निपजतात, म्हणून घरट्यावर कुणी सावलीही धरायची नाही. आणि पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात, त्यामुळे विणीच्या हंगामात रात्री किनारा माणसांना बंद. नीरोच्या काळात याच बंदराच्या तोंडाशी खलाशांसाठी दीपगृह उभारलं होतं. आता इथला काळोखच राखावा लागतो.

आपल्याकडे कोकणातल्या वेळासला कासवमित्र अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या राखलेल्या कुंपणात, हलवतात आणि समुद्राकडे निघालेली पिल्लं आपल्याला बघायला मिळतात. तिथल्या कासव महोत्सवामुळे गाव कासवांच्या मागे उभं राहिलं, ते मोलाचंच आहे. पातारात मात्र मला एकही कासव दिसलं नाही. दिसल्या त्या घरट्यांवर ठेवलेल्या जाळ्या. मला त्याचं जराही वाईट वाटलं नाही. आपण नसताना जे घडायला हवं, त्यासाठी एवढा मोठा किनारा मोकळा ठेवलाय, हे बघूनच मन भरलं.

जाणार असाल तर सकाळी लवकर जा. अवशेषांत सावली जवळजवळ नाहीच, पाणी सोबत हवं. दुपारनंतर वारा सुटतो आणि वाळू पोटऱ्यांना टोचायला लागते. उपाहारगृहापासून थोडं लांब चालत गेलात की गर्दी संपते. तिथे पोहा, पण जाळ्यांपासून दूर राहा.