संहिता नसलेलं नाटक

स्मरणिकेसाठी शाळेबद्दल काहीतरी लिही असा मेसेज आला, पण निकाल, मैदान, प्रार्थना यावर बाकीचे लिहितीलच, मी आपला नाटकावर लिहितो.

आमच्या मालवण-वेंगुर्ल्याकडची पोरं दशावतारी नाटकं बघतच मोठी होतात. पण त्यांना लिहिलेली संहिता नसते, आख्यान कुठलं आणि कोण काय करणार एवढं ठरतं, बाकी संवाद जागेवर, याचा आम्ही कधी विचारच केला नव्हता. मराठीच्या सरांनी नेमकं तेच धरलं. गॅदरिंगला पाठांतराचं नाटक नको, विषय तुमचा, भाषा तुमची. विषय मुलींनीच काढला, दहावीनंतर कॉलेज लांब, सकाळची एसटी नाही, म्हणून घरी बसवतात.

वर्गात कधी तोंड न उघडणारा खालच्या वाडीतला एकजण बाप झाला. खाली बसून जाळं विणतोय, मान वर नाही, आणि म्हणतो, "धावी झाली मां? मगे आता पुरो." मागे बसलेले खरे बाप एकदम गप्प!

ब्राझीलच्या ऑगस्टो बोआल यांनी १९७० च्या दशकात एक पद्धत काढली, त्यात नाटक अडलं की प्रेक्षकानेच उठून पात्राच्या जागी यायचं. हा खेळ चालवणाऱ्याला तिकडे जोकर म्हणतात, सरांनी ते काम दशावतारातल्या विनोदी राक्षसाला, संकासुराला दिलं, कारण तो मालवणीत कोणाचीही टर उडवू शकतो आणि कोणाला राग येत नाही. देवळाच्या सभामंडपात प्रयोग, संकासुराने खेळ थांबवला, आणि एक काकी पदर खोचून थेट आईच्या जागी येऊन उभी. "चेडू माज्या भयणीकडे रवात नि शिकात. तुमका जेवाण कोण वाढता ता मी बघतंय!" मंडपात नुसता हशा.

एसटी लगेच सुरू झाली नाही, खोटं कशाला सांगू. पण नायिका झालेल्या मुलीने पुढच्या ग्रामसभेत उभं राहून गाडीचा अर्ज स्वतः वाचला. आणि वरची वाडी-खालची वाडी, जी पोरं डबासुद्धा वेगळी खायची, ती पडदा रंगवताना एकाच ताटातलं पोहे-खोबरं खात होती. माझ्या मते नाटकापेक्षा त्या तालमीच मोठ्या.

हल्ली गॅदरिंगला रेकॉर्ड डान्सच जास्त असतात, असूदेत, पण त्यातला तासभर या पोरांना द्या. मे महिन्यात मी गावीच असतो, सभामंडपाचं तेवढं विचारून ठेवा, बाकी बघू.