टर्की: मचाणावरून की जमिनीवरून? वसंत हंगामाची नोंद

मंडळी, ठरवल्याप्रमाणे रानटर्की या पक्ष्याच्या शिकारीसाठी या हंगामाचा पहिला आठवडा झाडावर काढला आणि पुढचे दिवस जमिनीवर. जागा नेहमीचीच, अमेरिकेच्या मिसूरी राज्यात रोला गावाच्या दक्षिणेला ओळखीच्या शेतकऱ्याचं रान. ८० एकर, अर्धं ओकचं जंगल, अर्धं कुरण, मधून एक ओढा. कुरणाच्या कोपऱ्यातल्या ओकवर १८ फुटांवर ट्री स्टँड, म्हणजे झाडाला बांधलेली बैठक, होताच, हरणांच्या हंगामात बांधलेला. टर्कीसाठी झाडावर बसावं की जमिनीवर, यावरून दर वर्षी आपल्यात वाद होतो, म्हणून म्हटलं, या वेळी स्वतः बसून पाहू.

बंदूक २० गेज, टंगस्टनचे ९ नंबरचे छर्रे. हंगामाआधी ४० यार्डांवर कागद लावून बार टाकले. १० इंचांच्या वर्तुळात शंभरावर छर्रे पडत होते, तरी मी माझी हद्द ३५ यार्डच ठेवली. इथे टर्की जवळजवळ संपली होती. ओझार्कच्या डोंगरांत उरलेले पक्षी जाळ्यात पकडून राज्यात ठिकठिकाणी सोडले, तेव्हा कुठे १९६० मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली. असा पक्षी लांबून जखमी करून सोडणं मला पटत नाही.

पहिला दिवस. पावणेपाचला अंधारात वर चढले. हार्नेस, म्हणजे अंगावरचा सुरक्षापट्टा, जमिनीपासूनच दोरीला अडकवलेला, बंदूक रिकामी, नंतर दोरीने वर ओढून घेतलेली. यात कधीही सवलत घेऊ नका. सहाच्या आत घुबड घुमलं आणि त्यासरशी ओढ्यापलीकडून नर गरजला. मग दुसरा, मग तिसरा. वरून ऐकू फार छान येतं, हे कबूल करायलाच हवं. उजाडल्यावर तिघे कुरणात उतरले आणि पिसारे फुलवले. उन्हात ती पिसं तांब्याच्या भांड्यासारखी झळकत होती. मी बॉक्स कॉलवर (घासून आवाज काढायची लाकडी पेटी) मादीचा आवाज काढला की तिघे एकदम गरजायचे. पण ८० यार्डांवर येऊन थांबले, ते थांबलेच. तासाभराने खऱ्या माद्या आल्या आणि नर त्यांच्या मागे गेले.

वर बसून विचार केला तेव्हा कारण लक्षात आलं. आवाज कुठून आला हे नर कानाने अचूक हेरतो. तो त्या जागेकडे बघतो, तर सगळं कुरण मोकळं आणि मादीचा पत्ता नाही. मग तो पुढे का येईल? शिवाय झाडावरून उतरण्याची वेळ टळून गेल्यावर मादी झाडावर बसून हाक मारत नाही.

तिसरा दिवस. आदल्या रात्री मादीची डमी लावली, २० यार्डांवर. एक नर आला, पण उजव्या खांद्यामागून. मी उजव्या हाताची, त्या बाजूला बंदूक वळवायची तर सगळं अंग फिरवावं लागतं, आणि १८ फुटांवर ते जमत नाही. पाय इंचभर सरकला, खालची पट्टी कुरकुरली. ‘पट्’ असा धोक्याचा एकच आवाज त्याने काढला, मान ताठ झाली, आणि दोन ढांगांत तो झाडीत नाहीसा झाला. तो सरळ समोर आला असता तरी वरून नेम अवघडच होता. चरताना वरून पाहिलं की डोकं आणि मान पाठीच्या पिसांत मिसळून जातात.

मी मूळची अमरावतीची. कॉलेजात असताना बुद्धपौर्णिमेच्या प्रगणनेला मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर रात्र काढली होती. तिथे मचाण का चालतं ते आता नीट कळतं. अस्वल, सांबर, रानडुक्कर यांचं पहिलं शस्त्र नाक, आणि उंचीवर आपला वास बराचसा त्यांच्या डोक्यावरून जातो. हरणाच्या शिकारीत ट्री स्टँडचा मोठा फायदा तोच. टर्कीला वासाची जाण नावापुरती. तिचं सगळं बळ डोळ्यांत, तेही रंग ओळखणारे, मान जराशी वळवली की चहूकडचं टिपणारे. म्हणजे उंचीचा जो मुख्य लाभ, तोच टर्कीपुढे वाया जातो. उलट आकाशाच्या पार्श्वभूमीवर आपली आकृती उठून दिसते.

झाडाच्या बाजूने एक गोष्ट मात्र नोंदवते: दुसऱ्या शिकाऱ्याने आपल्याला टर्की समजण्याचा धोका वर कमी असतो. जमिनीवर लाल, पांढरा, निळा यांतला एकही रंग अंगावर नको, मोजासुद्धा नाही. नराच्या डोक्याचे रंग तेच. कोणी शिकारी येताना दिसला तर हात हलवू नका, मोठ्याने बोला.

दुसऱ्या आठवड्यात एक पावसाळी सकाळ लपून बसायच्या शिकारी तंबूत काढली. आत काळे कपडे घातले तर हालचाल खपते, मुलांना बरोबर न्यायचं तर याहून चांगलं काही नाही. पण जागा बदलता येत नाही. मला ते जमलं नाही.

मग शनिवार. माद्या अंड्यांवर बसायला निघून गेल्या की नर एकटे पडतात, म्हणून नऊला निघाले. टेकाडाच्या कडेखाली खांद्यांपेक्षा रुंद बुंधा शोधला आणि त्याला टेकून बसले. कड बरोबर २५ यार्डांवर. नर जिथे मला दिसणार, तिथे तो टप्प्यातच असणार. डमी मुद्दाम लावली नाही. स्लेटवर (काडीने घासून आवाज काढायची पाटी) तीन हलके सूर काढले आणि हाताने पालापाचोळा उकरला: एक, थांबून दोन-तीन, पुन्हा थांबून एक. चरणारी मादी असाच आवाज करते. झाडावरून हे करता येत नाही. उत्तर आलं, मग दहा मिनिटं काहीच नाही. मी गप्प राहिले, हात पाचोळ्यावर तसाच. नंतर नराचा तो खोल घुमारा आला, कानांना ऐकू येण्याआधी छातीत जाणवतो तो. कडेवर आधी पिसाऱ्याचं टोक दिसलं, मग पांढरं कपाळ, निळे गाल, लालभडक गळा. त्याने पिसारा मिटला, मान उंचावली आणि मादी शोधू लागला. सुरक्षेचा खटका आधीच सरकवला होता. एकच बार, तो जागीच पडला.

वजन २१ पौंड, छातीवरची दाढी १० इंच, पायामागचे काटे इंचभर. पाठीवर टाकण्याआधी नारिंगी कापडात गुंडाळला. दुपारीच फोनवरून टेलिचेकची, म्हणजे शिकार सरकारदरबारी कळवण्याची, नोंद केली. गळ्याच्या पिशवीत क्लोव्हरची पानं आणि बरेच भुंगे निघाले.

छाती शीतपेटीत ठेवली आहे. तंगड्या चिवट असतात, म्हणून कुकरला लावल्या आणि कांदा-खोबऱ्याच्या वाटणात सुकं केलं. शेतकऱ्याला डबा नेऊन दिला. परवान्यातला दुसरा नर अजून बाकी आहे, हंगामाचा एक आठवडाही. उद्या स्टँडवरून डमीची पिशवी काढून आणते आणि ओढ्यापलीकडच्या टेकाडाची कड पाहून येते.