कुठवर आलात?

पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला तब्येत विचारली तर तो ‘बरंय’ म्हणून मोकळा होतो. ‘सध्या काय वाचताय?’ असं मात्र हातात वेळ असेल तरच विचारावं. आधी तो इकडेतिकडे बघतो, ‘विशेष काही नाही हो’ म्हणतो, आणि त्या विशेष काही नसलेल्याची हकिगत चहाचा दुसरा कप आला तरी संपत नाही.

आमच्या कट्ट्यावर अशी सात-आठ माणसं आहेत. कट्टा ठाण्यातला. ठाण्याला वाचनाचं वेड जुनं. इथलं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचं, मुंबईच्या मराठी ग्रंथसंग्रहालयाहून पाच वर्षांनी थोरलं. (ही गोष्ट मुंबईकराच्या कानावर घालायची संधी ठाणेकर सोडत नाही. मीही सोडली नाही.) आमच्या कट्ट्याला मात्र ना फलक ना वर्गणी. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमायचं, ज्याचं घर त्याचा चहा. नियम एकच, आणि तो बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या काकांनी घातलेला आहे: वाचून संपलेल्या पुस्तकाबद्दल बोलायचं नाही. ज्यात अजून खूण आहे, त्याच्याबद्दलच बोलायचं.

नियम विचित्र वाटतो, पण त्याआधीचे रविवार आठवले की पटतो. तेव्हा प्रत्येक जण वाचून झालेलं पुस्तक घेऊन यायचा आणि भाषण करायचा. लेखकाचा परिचय, कथानकाचा गोषवारा, दोन गुण, एक दोष आणि शेवटी ‘प्रत्येकाने अवश्य वाचावे’. पुस्तक मिटलं की माणसाचा न्यायाधीश होतो. त्याला निकाल द्यायचा असतो, आणि एकदा दिलेला निकाल त्याला बदलवत नाही. अर्ध्यात असलेल्या माणसाकडे निकाल नसतो. तो लेखकावर चिडलेला असतो, नायिकेची काळजी करत असतो, पुढे काय होईल याचे भलतेच अंदाज बांधत असतो. मजा येते ती याच माणसाचं ऐकायला.

काकांचंच बघा. गेल्या वर्षी त्यांनी गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ हातात घेतलं. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी, घरच्या कर्जाला कंटाळून चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि नेमके बंडाच्या धामधुमीत सापडले. ‘कुठवर आलात?’ असं विचारलं की काका म्हणायचे, ‘झाशीत आहे.’ पुढच्या महिन्यातही झाशीतच. ‘वेढा पडलाय, बाहेर कसा निघू?’ काकू आतून ओरडल्या, ‘झाशीत असले तरी जेवायला वेळेवर घरी असतात.’

गंमत म्हणजे आमच्यातल्या एका ताईही तेच पुस्तक वाचत होत्या, आणि दोघांचं एकमेकांशी जुळेना. काका सांगत त्यातले काही तपशील ताईंच्या प्रतीत नव्हतेच. आधी वाटलं, काकांचं वय झालं. मग दोन्ही प्रती शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. भटजी गेल्यानंतर १९०७ मध्ये चिंतामणराव वैद्यांनी हे पुस्तक छापलं ते काटछाट आणि फेरफार करून. इंग्रजांचा अंमल होता, ते ओघानं आलंच. दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखितावरून ते काढलं १९६६ मध्ये. ताईंकडे वैद्यांच्या वळणाची आवृत्ती होती, काकांकडे पोतदारांच्या. दोघांनीही पुस्तक संपवून आपापली भाषणं केली असती, तर ‘ऐतिहासिक दस्तऐवज म्हणून मोलाचे’ यावर दोघांचं एकमत झालं असतं आणि हा फरक कुणाच्याच लक्षात आला नसता.

त्याच रविवारी काकांनी एक प्रश्न टाकला. ‘या माणसानं एवढी पायपीट केली, जे मिळवलं ते लुटारूंनी नेलं, जीव वाचला हेच खूप. मग घरी आईबापांपुढे जाताना याच्याकडे काय असणार आहे?’ ज्यांचं वाचून झालं होतं त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि चकलीच्या डब्यात हात घातला. एकही शब्द नाही. वाचणाऱ्यांमधली सभ्यता मी तरी याहून वरची पाहिलेली नाही. उत्तर मीही इथे देत नाही. हे वाचणारं कुणीतरी अजून झाशीत असेल.

अशी सभ्यता सगळ्यांकडे असते असं नाही. काही लोकांना तुमच्या हातातलं पुस्तक दिसलं की राहवतच नाही. ‘अरे वा, शेवटी तो मरतो ते काय लिहिलंय!’ असं म्हणून ते तुमच्या पाठीवर थाप मारतात. दुसरी जात त्याहून सौम्य: ‘अजून वाचलं नव्हतंस?’ यातल्या ‘अजून’वर जो जोर असतो, त्यानं चांगला चाळिशीचा माणूस शाळेत परत जातो. वाचनालयाच्या पुस्तकांत तर असे लोक पेन्सिल घेऊनच बसलेले असतात. तपकिरी बाइंडिंगची एखादी रहस्यकथा उघडावी, आणि तिसऱ्या प्रकरणात पहिल्यांदा आलेल्या नोकराच्या नावाखाली रेघ मारून समासात लिहिलेलं असावं, ‘हाच तो’. त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मूर्खा, सांगायची गरज होती का?’ आणि त्याखाली तिसऱ्यानं, ‘नाही, हा नव्हे. पुढे वाचा.’ या तिघांची कधी भेट झाली नसेल, पण आमच्या कट्ट्यात ते सहज खपले असते.

सध्या काय वाचताय याचं खरं उत्तर देणं वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक वाचणाऱ्यांची दोन पुस्तकं चालू असतात. एक दिवाणखान्यातलं, एक उशाखालचं. विचारल्यावर पहिल्याचं नाव सांगायचं असतं. निवृत्त मुख्याध्यापक असलेले आमचे सर बरेच महिने भारतीय तत्त्वज्ञानाचा एक जाडजूड खंड ‘वाचत’ होते. खूण कायम प्रस्तावनेत. कुणी काही बोलत नव्हतं, सरांना कोण बोलणार? मग एकदा बैठक त्यांच्या घरी होती. पाणी द्यायला आलेला नातू म्हणाला, ‘आजोबा, तुमचा काळापहाड पलंगाखाली पडलाय.’

सर आधी लालबुंद झाले आणि मग इतके खुलले की आवरेनात. बाबूराव अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, आणि त्यातल्या निदान शंभर तरी मी कौलाच्या शाळेत भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचल्यात, असं त्यांनी स्वतःच्याच दिवाणखान्यात जाहीर केलं. आता रद्दीवाल्याकडे जुन्या प्रती सापडल्या की उचलतात. अर्णाळकरांच्या नायकांत झुंजार श्रेष्ठ की काळापहाड, यावर त्या दिवशी जी चर्चा झाली तेवढी चर्चा त्या खंडावर पुढची दहा वर्षं झाली नसती. हळूहळू मग प्रत्येकाच्या उशाखालचं बाहेर येऊ लागलं. ताई जुन्या मासिकांतल्या पाककृती वाचतात, करण्यासाठी नव्हे, नुसत्या वाचण्यासाठी. मी रेल्वेचं जुनं वेळापत्रक वाचतो, हेही कळलं सगळ्यांना. त्यात काय वाचायचं असतं, असं विचारणाऱ्याला मी समजावू शकत नाही.

आमच्यातली सगळ्यात तरुण सभासद म्हणजे शेजारची सून. ठाणे ते दादर रोज लोकलमध्ये उभी असते, पुस्तक उघडायला हात मोकळा नसतो, म्हणून कानात बोंडं घालून पुस्तकं ऐकते. पहिल्या दिवशी ती बिचकत म्हणाली, ‘मी वाचत नाही, ऐकते. चालेल ना?’ यावर जुन्या मंडळींत कुरबुर झाली. कागदाचा वास, पान उलटण्याचं सुख वगैरे नेहमीचे साक्षीदार पुढे आले. मला हा वास फारसा पटत नाही. वाचनालयाच्या बऱ्याच पुस्तकांना कुबट वास येतो आणि तो सुखद नसतो.

हे चाललेलं असताना मला माझी आजी आठवत होती. श्रीधरांनी ‘शिवलीलामृत’ १७१८ मध्ये बारामतीत पूर्ण केलं, तेव्हापासून ते वाचणाऱ्यांपेक्षा ऐकणाऱ्यांचीच संख्या मोठी असणार. एक जण पोथी वाचतो, बाकीचे वाती वळत ऐकतात. ओवीबद्ध ग्रंथांत कवी बोलतोही श्रोत्यांशीच. आजीला अक्षरओळख जेमतेम, तरी अकरावा अध्याय तिला तोंडपाठ होता, नुसता ऐकून ऐकून. तिला ‘काय वाचतेस?’ विचारलं असतं तर ‘अकरावा’ म्हणाली असती, आणि मी लहान असतानाही हेच म्हणाली असती, मी नोकरीला लागल्यावरही हेच. पोथी संपवायची असते हे तिच्या गावीही नव्हतं. काकांच्या नियमात ती चपखल बसली असती. हे सगळं मी कट्ट्यावर सांगितलं, कुरबुर थांबली, आणि सूनबाई आता सगळ्यांच्या पुढे असतात, कारण लोकलला रोज उशीर होतो.

कट्ट्याचा एक तोटा आहे तो सांगायला हवा. पुस्तकाबद्दल रंगात येऊन बोललात की दोघे-तिघे तिथल्या तिथे म्हणतात, ‘झालं की मला द्या.’ बस्स, तिथून पुढे ते पुस्तक तुमचं राहत नाही. रात्री दिवा मालवताना वाटतं, सर थांबलेत. चार पानं जास्त वाचली जातात, घाईत. नाशिकहून सुरू झालेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’च्या पुस्तकपेट्यांबद्दल मला म्हणून कुतूहल वाटतं. एका गटाने एक पेटी घ्यायची, आपापसात वाचायची, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची. इमारतीतल्या अनेक घरांत ठरावीकच पुस्तकं फिरतात म्हटल्यावर लिफ्टमध्ये कोण कुठल्या पानावर आहे हे सांभाळून बोलावं लागत असेल. आमच्याकडे पेटी नाही, त्यामुळे आम्ही अजून लिफ्टमध्ये पाण्याच्या टँकरबद्दल बोलतो.

गेल्या बैठकीला एक नवे गृहस्थ आले होते. मितभाषी, हातात पिशवी. पाळी आल्यावर त्यांनी पिशवीतून एक कादंबरी काढली आणि म्हणाले, ‘नियम मला माहीत आहे, पण माझं हे चालूही नाही आणि संपलेलंही नाही. एकशे बाराव्या पानावर सोडलं. पुढे नाही वाचवणार.’ खोलीत अवघडलेपणा पसरला. आजवर कुणी सोडलेलं पुस्तक आणलंच नव्हतं. तशी प्रत्येकाकडे असतात, कपाटात मागच्या रांगेत. काकांनी नियमाचा विचार केला, खूण तपासली, ‘खूण आहे, म्हणजे बोलता येईल,’ असा निवाडा दिला. मग त्या गृहस्थांनी आपल्याला काय सहन झालं नाही ते सांगितलं: नायकाचा शहाणपणा, पानापानांवर कोसळणारा पाऊस, आणि कुणी साधं पाणी प्यायलं तरी लेखकाला त्यात दिसणारा अर्थ. तीनच मिनिटं बोलले, पण इतकं नेमकं की ताई हसता हसता चहा सांडून बसल्या.

जाताना त्यांनी ते पुस्तक टीपॉयवर ठेवलं, कुणाला हवं असल्यास घ्या म्हणाले. काका, सर, ताई आणि सूनबाई, चौघांचेही हात एकदम पुढे आले. चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. माझा नंबर तिसरा आहे.