मोजून घेतलेला पुठ्ठा : आमची वाटचाल

जळगावच्या एमआयडीसीत आमचा खोक्यांचा लहानसा कारखाना आहे. वडिलांनी सुरुवात केली ती मिठाईच्या डब्यांपासून. वरून पांढरा, मागून करडा असा डुप्लेक्स बोर्ड आणायचा, पंचिंग करून, म्हणजे साच्याने डब्याच्या आकारात कापून घ्यायचं, डबे सायकलवरून दुकानांना पोचवायचे. पुढे डाळ मिलवाल्यांची खोकी आली, मग रावेर-सावद्याकडची केळीची. माल बदलत गेला, पण वडिलांची एक शिस्त कायम राहिली. पुठ्ठा बोटांनी चाचपून घ्यायचा नाही, मोजून घ्यायचा.

त्यासाठी त्यांनी सराफ बाजारातून एक नाजूक तराजू आणला होता. शीटमधून १० बाय १० सेंटिमीटरचा तुकडा नेमका कापायचा, वजन करायचं आणि १०० ने गुणायचं. तुकडा ३ ग्रॅम भरला तर बोर्ड ३०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला ३०० ग्रॅम. पण तेवढ्यावर ते थांबत नसत. ३०० जीएसएमचाच एक बोर्ड ३६० मायक्रॉन जाड निघतो, दुसरा ४००. वजन तेच, पण दुसरा जास्त फुगीर, आणि बहुतेक वेळा त्याचा डबा जास्त ताठ उभा राहतो. जाडीतला थोडा फरक कडकपणात बराच मोठा होतो. किलोवर पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाला हे समजावणं आजही सोपं नाही, पण आम्ही प्रत्येकाला समजावतो.

ग्रेनचंही तसंच. कागद यंत्रावर ज्या दिशेने धावतो त्या दिशेने तंतू लागतात, आणि त्या दिशेचा कडकपणा आडव्यापेक्षा साधारण दुप्पट असतो. बोर्डाच्या तुकड्याची एक बाजू ओली केली की तो नळीसारखा वळतो. तंतू लांबीत फारसे वाढत नाहीत, रुंदीत फुगतात. म्हणून तयार होणाऱ्या नळीची लांबी म्हणजे ग्रेनची दिशा. डब्याच्या उभ्या घड्या ग्रेनला आडव्या पडल्या तर भिंती बाहेर फुगत नाहीत. आमच्या पेस्टिंगच्या हॉलमधल्या मावशी तुकडा दोन्हीकडून वाकवूनच दिशा सांगतात, आणि त्यांचं सांगणं चुकलेलं मी पाहिलेलं नाही.

डाळ मिलच्या खोक्यांनी आम्हाला नालीदार पुठ्ठ्यात, म्हणजे सपाट कागदांच्या मध्ये लाटांसारख्या नळ्या असलेल्या पुठ्ठ्यात आणलं. तिथे बाजार एकच प्रश्न विचारतो, ‘भाऊ, बीएफ किती?’ रबराच्या पडद्याखालून ग्लिसरिनचा दाब वाढवत कागद फोडायचा, फुटतानाचा दाब किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये घ्यायचा, १००० ने गुणून जीएसएमने भागायचं, हा बर्स्ट फॅक्टर. १५० जीएसएमचा कागद ३ किलोला फुटला तर बीएफ २०. हे मशीन मूळ मलेन यांचं, १८८७ सालचं. आकडा उपयोगाचा आहे, पण तो सांगतो कागद फाटेल कधी. थप्पीतलं खालचं खोकं फाटत नाही, दबतं. त्याच्यासाठी पुठ्ठ्याचा तुकडा उभा धरून कडेवर दाबायचा. हा एज क्रश, म्हणजे ईसीटी. १९६३ मध्ये अमेरिकेत मॅकी आणि सहकाऱ्यांनी साध्या झाकणाच्या खोक्यासाठी सूत्र दिलं: ईसीटी गुणिले जाडी आणि परिघ यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ, गुणिले ५.८७. ईसीटी दुप्पट केली तर खोक्याची ताकद दुप्पट. जाडी दुप्पट केली तर दीडपटही नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाईकाला आधी थप्पी किती उंच लावणार ते विचारतो, मग प्लाय, म्हणजे पुठ्ठ्यात कागदाचे थर किती, ते ठरवतो. छपाईत रोलर जास्त दाबून नळ्या चेपल्या तर जाडीही जाते आणि कडेची ताकदही, त्यामुळे आमच्याकडे छपाईनंतर जाडी पुन्हा मोजली जाते.

खरी कसोटी केळीने घेतली. शीतगृहात केळी १३-१४ अंशांवर आणि ९० टक्क्यांच्या वर दमटपणात राहतात. एवढ्या दमटपणात पुठ्ठ्याची दाब सोसण्याची ताकद जवळपास निम्मी होते. एका व्यापाऱ्याची दुसरीकडून घेतलेली खोकी तिथे खालच्या थरात बसली, तेव्हा ते आमच्याकडे आले. कागद भारी होता, बीएफही चांगला होता. कॉब मात्र कुणी पाहिला नव्हता. १०० चौरस सेंटिमीटरच्या कड्यात कागद धरून १०० मिलिलिटर पाणी ओतायचं, ६० सेकंदांत किती प्यायला ते वजनावर काढायचं, एवढीच ती चाचणी आहे. तेव्हापासून निर्यातीच्या खोक्यांना वरचा लायनर, म्हणजे बाहेरचा सपाट कागद, आम्ही कॉब पाहूनच घेतो, आणि ताकदीचा हिशेब कोरड्या खोक्यावर न करता दमट खोक्यावर करतो.

खानदेशात हवा स्वतःच मोठी अडचण आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कागद इतका सुकतो की घडीवर तडा जातो. तेव्हा रीळ उघडं ठेवायचं नाही. पावसाळ्यात उलट. १२ टक्के ओलाव्याचा टनभर कागद घेतला तर ७ टक्केवाल्यापेक्षा ५० किलो पाणी जास्त विकत घेतलं, आणि जीएसएमही फुगलेला दिसतो. म्हणून तुकडा १०५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवून आम्ही ओलावा काढतो. चाचण्यांसाठी आपल्या देशात आयएस १०६० हे भारतीय मानक आहे. उष्ण देशांसाठी नमुने २७ अंश आणि ६५ टक्के दमटपणात ठेवण्याची मुभा आहे. तशी बंद खोली आता आम्ही कारखान्याच्या मागच्या बाजूला बांधतो आहोत.

खोकं दाबून बघायचं मशीन मात्र कर्ज काढून आधीच घेतलं. सावद्याचे व्यापारी ऑर्डर देण्याआधी समोर उभे राहून खोकं किती किलोला बसतं ते पाहतात, आणि तोच आकडा आम्ही बिलासोबतच्या रिपोर्टात लिहून देतो.