‘भूत आहे की नाही, ते लिहून द्या’ : एका पूर्वकथेचा प्रयोग लागेपर्यंत

सोलापुरातल्या आमच्या हौशी नाट्यसंस्थेने नुकतेच एक दोन अंकी भयनाट्य केले. ते आमच्याच आधीच्या एका नाटकाची पूर्वकथा होते, आणि त्याच्या प्रयोगासाठी मला एकाच कार्यालयात सहा फेऱ्या माराव्या लागल्या. असे काही करू पाहणाऱ्या इतर संस्थांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहीत आहे. प्रयोग होऊन पाच आठवडे झाले तरी त्या टेबलासमोरचा संताप अजून पुरता उतरलेला नाही, हेही आधीच सांगते.

पहिल्या नाटकाचा काळ १९७८चा होता. गिरणीच्या चाळीतल्या कोपऱ्यातल्या खोलीत एक म्हातारी राहते आणि आत आलेल्या माणसाला ती बाहेर जाऊ देत नाही. दाराची कडी पडल्याचा आवाज आला की प्रेक्षागृह गारठायचे. प्रयोगानंतर भेटायला येणारा प्रत्येक जण मात्र एकच विचारत असे, ही बाई अशी का झाली? त्याचे उत्तर शोधताना मी ६० वर्षे मागे गेले. १९१८च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इन्फ्लुएन्झाची दुसरी, सर्वांत घातक लाट मुंबई इलाख्यात पसरली तेव्हा पावसाने दगा दिला होता, धान्य महागले होते, आणि साथीत म्हाताऱ्याकोताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाची धडधाकट माणसेच, त्यांतही बायका, मोठ्या संख्येने दगावत होत्या. सोलापूर तोवर गिरण्यांचे गाव झाले होते. पहिली गिरणी १८७७ची. आमची रखमा, म्हणजे तरुणपणीची तीच म्हातारी, १९१८ साली १९ वर्षांची आहे, गिरणीत सूत गुंडाळण्याच्या, म्हणजे वाइंडिंग खात्यात काम करते आणि तिचा नवरा पलटणीबरोबर मेसोपोटेमियात आहे. घरात सासू साथीने जाते, आणि चाळीतले लोक भीतीपोटी खोलीची कडी बाहेरून लावून घेतात. या नाटकात भूत नाही. जे आहे ते एका मुलीचे हळूहळू बदलत जाणे आहे.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवली, प्रमाणपत्र वेळेत आले, तालमी झाल्या, सभागृहाची तारीख मिळाली. अडले ते शहरातल्या एका कार्यालयात, जिथून प्रयोगासाठी ना हरकत पत्र घ्यायचे होते.

पहिल्या फेरीत टेबलावरच्या कर्मचाऱ्यांनी अर्ज वाचला आणि म्हणाले, “मॅडम, हे नाटक तर मागच्या वर्षी झालंय. पात्राचं नाव तेच, खोली तीच. जुना परवाना लावा.” मी सांगितले की ही त्याच बाईची आधीची गोष्ट आहे, संहिता पूर्ण नवी आहे आणि प्रमाणपत्राचा क्रमांकही वेगळा आहे. त्यांनी अर्जाच्या कडेला लाल शाईने ‘भाग २’ असा शेरा मारला. दुसऱ्या फेरीत त्याच शेऱ्यावरून शंका निघाली. पहिला भाग १९७८चा आणि दुसरा १९१८चा, म्हणजे अर्जात वर्ष चुकले आहे, दुरुस्ती करून आणा! ‘पूर्वकथा’ हा शब्द अर्जात तीन ठिकाणी होता, पण एकदा शेरा पडला की फाईल त्या शेऱ्याच्याच मागे चालते, हे मी तेव्हा शिकले. म्हणून अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘स्वतंत्र नवीन नाटक’ असे लिहा आणि पूर्वकथेचा उल्लेख फक्त जाहिरातीसाठी ठेवा.

तिसऱ्या फेरीला मी एक पानभर स्पष्टीकरण घेऊन गेले आणि त्यात स्वतःच्या हौसेने ‘पर्ल’ या इंग्रजी चित्रपटाचे उदाहरण दिले. २०२२ साली आलेला ‘एक्स’ १९७९च्या टेक्सासमध्ये घडतो. त्यातल्या खुनी म्हातारीचे तरुणपण त्याच वर्षी आलेल्या ‘पर्ल’मध्ये दिसते, आणि तेही १९१८चे, इन्फ्लुएन्झाच्या साथीचे, नवरा महायुद्धावर गेलेला असतानाचे आहे. मिया गॉथने म्हातारी आणि तरुणी दोन्ही साकारल्या आणि दुसऱ्या चित्रपटाच्या लेखनातही तिचा वाटा होता. अंधाऱ्या दृश्यांऐवजी भडक, उजळ रंग, शेवटाकडे नुसत्या चेहऱ्यावर स्थिरावलेले लांबलचक स्वगत, आणि श्रेयनामावली सरकत असताना ताणून धरलेले ते हसू. तो पाहून ‘यात घाबरण्यासारखे काय आहे’ म्हणणारे प्रेक्षकही होते आणि तिच्या अभिनयाने हादरून गेलेलेही. माणसाच्या स्वभावातून भय निर्माण होते, एवढेच मला त्या उदाहरणातून दाखवायचे होते. टेबलावरून उत्तर आले, “म्हणजे इंग्रजी सिनेमावरून केलंय. मग मूळ हक्काचं पत्र लागेल.” ते प्रकरण निस्तरण्यात नऊ दिवस गेले. साल आणि साथ सोडली तर आमची गोष्ट वेगळी आहे, असे स्वतंत्र पत्र द्यावे लागले. अर्जात दुसऱ्या कोणत्याही कलाकृतीचे नाव घेऊ नका.

चौथ्या फेरीला जादूटोणाविरोधी कायदा निघाला, कारण दुसऱ्या अंकात चाळीतले लोक एका भगताला बोलावतात. २०१३चा तो कायदा अघोरी प्रथा आणि त्यांचा प्रसार यांविरुद्ध आहे, आणि आमच्या नाटकात भगत रखमाला बरे करीत नाही, तो तिला आणखी एकटी पाडतो, हे मी उभ्याने समजावत राहिले. तेव्हा ते वाक्य आले, “भूत आहे की नाही, ते एका ओळीत लिहून द्या. असेल तर तसं, नसेल तर तसं.” मी ‘नाही’ असे लिहून दिले. पाचव्या फेरीला विचारणा झाली की भूत नाही तर जाहिरातीत भयनाट्य का म्हटले आहे. त्या दिवशी मी बाहेर येऊन जिन्यावर बराच वेळ बसून राहिले. प्रयोग सहा दिवसांवर होता, तिकिटे गेली होती, आणि रखमा करणारी मुलगी रोज रात्री फोन करून विचारत होती, “ताई, झालं का?”

एक गोष्ट मी पहिल्या दिवसापासून करायला हवी होती. प्रत्येक कागदाची दुसरी प्रत घेऊन तिच्यावर आवक क्रमांकाचा शिक्का मारून घ्यावा. तिसऱ्या फेरीपासून माझ्याकडे पोच होती, म्हणूनच सहाव्या वेळी मला थेट वरिष्ठांपुढे जाता आले. त्यांनी संहिता मागितली आणि माझ्यासमोरच वाचायला घेतली. आठ-दहा पाने शांतपणे वाचली, मग मान वर करून विचारले, “ही कडी बाहेरून लावणारा माणूस कोण? त्याचं नाव नाही कुठं.” मी म्हटले, “साहेब, चाळीतलं कोणीही.” ते काही बोलले नाहीत, टिपणीवर सही केली आणि फाईल माझ्याच हातात दिली. त्या नाटकाची पहिली खरी प्रतिक्रिया मला त्या खुर्चीकडून मिळाली, हे रागाच्या भरातही मला मान्य केले पाहिजे.

प्रयोगात पहिल्या अंकाला चुळबुळ होती. मध्यंतरात चहाच्या टेबलापाशी दोन तरुण बोलत होते, “भूत कधी येणार?” मला कार्यालयच आठवले आणि पोटात गोळा आला. पहिले नाटक न पाहिलेल्यांना शेवटपर्यंत ते संथ वाटले, आणि त्यांची तक्रार मला पटते. जाहिरातीत पहिल्या नाटकाचा सारांश दोन ओळींत द्यायला हवा होता. ज्यांनी पहिले नाटक पाहिले होते त्यांचे मात्र वेगळेच झाले. सकाळचा भोंगा होतो, रखमा पदर खोचून कामाला निघायला दाराशी येते, आणि पलीकडून कडी पडते. तोच आवाज, पण या वेळी बाहेरून. तिसऱ्या-चौथ्या रांगेतून “अगं बाई” असा एका बाईंचा अस्फुट स्वर आला आणि त्यानंतर सभागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही.

अभिप्रायाच्या चिठ्ठ्यांवर आम्ही ‘नाटक आवडले का’ असे न विचारता ‘कोणत्या क्षणी भीती वाटली’ असे विचारले होते, आणि तसेच विचारावे. बहुतेकांनी कडीचा क्षण लिहिला. एकाने लिहिले, “सासू गेल्यावरही ती दोन भाकऱ्या थापते तेव्हा.” एका चिठ्ठीवर नुसते होते, “शेजाऱ्यांची.”

पडदा पडल्यावर एक वयस्क बाई कठडा धरून रंगमंचावर चढल्या. आयुष्यभर विड्या वळल्या, सासू गिरणीत होती, असे त्यांनी सांगितले. जुन्या बाजारातून आणलेल्या त्या लोखंडी कडीवरून हात फिरवत त्यांनी विचारले, “ही खरी आहे होय?” मी हो म्हटले. त्यांनी कडी काढली, दार सताड उघडले, आणि मग सावकाश पायऱ्या उतरून गेल्या.