'ओडी'चे टीझर: लपलेल्या खुणा सोडा, सेकंद मोजा

जपानी गेम-दिग्दर्शक हिदेओ कोजिमांच्या 'ओडी' या भयगेमचे दोन टीझर माझ्यासमोर आहेत. पहिला ७ डिसेंबर २०२३ रोजी गेम अवॉर्ड्समध्ये दाखवला गेला. दुसरा, 'नॉक' नावाचा, २३ सप्टेंबर २०२५ रोजी कोजिमा प्रॉडक्शन्सच्या दहा वर्षांच्या कार्यक्रमात टोकियोत आला. दोन्हींत मिळून कथा म्हणावी असं जवळपास काहीच नाही. चेहरे आहेत, मेणबत्त्या आहेत, काड्या ओढणारे हात आहेत आणि ठोठावल्याच्या थापा आहेत. एवढ्यावर थिअऱ्यांचा ढीग पडला आहे, आणि त्यातल्या बहुतेक एकाच पद्धतीने रचलेल्या आहेत: व्हिडिओ थांबवायचा, एखाद्या फ्रेमच्या कोपऱ्यातली खूण शोधायची आणि तिच्यावर अख्खा गेम उभा करायचा.

ही पद्धत कोजिमांच्या ट्रेलरना लागू पडत नाही, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या ट्रेलरमधल्या वस्तू सहसा खऱ्या निघतात, आपण त्यांना चिकटवलेला अर्थ मात्र चुकतो. खरी माहिती असते ती पात्र काय करतंय आणि किती वेळ करतंय यात.

कोजिमांच्याच 'डेथ स्ट्रँडिंग'वर हे ताडून पाहता येतं, कारण तो गेम आता आपल्या हातात आहे. जून २०१६ मध्ये ई-थ्री या गेमच्या प्रदर्शनात पहिला ट्रेलर आला. काळ्या वाळूचा किनारा, मेलेले खेकडे आणि देवमासे, विवस्त्र पडलेला नट नॉर्मन रीडस, पोटावर शिवलेली क्रॉसच्या आकाराची खूण, डाव्या मनगटात बेडी आणि हवेत तरंगणाऱ्या पाच आकृत्या. रीडसच्या गळ्यातल्या बिल्ल्यांवर भौतिकशास्त्राची समीकरणं कोरलेली होती. चाहत्यांनी ती ओळखली, श्वार्झचाइल्ड त्रिज्या (कृष्णविवराचा आकार सांगणारं सूत्र) सापडली, आणि तिथून कृष्णविवरं, समांतर विश्वं, कालप्रवास अशी गाडी सुटली. काहींनी तर हा कोजिमांचा रद्द झालेला भयगेम 'सायलेंट हिल्स'च वेगळ्या नावाने येतोय असं ठरवून टाकलं.

८ नोव्हेंबर २०१९ रोजी गेम आला तेव्हा तो होता पाठीवर सामान लादून डोंगर-नद्या ओलांडायचा. कंट्रोलरची एलटू आणि आरटू ही बटणं दाबून डावा-उजवा तोल सांभाळायचा, ओझं नीट रचायचं, पाण्याची खोली पाहून पाय टाकायचा. मनगटातली बेडी खरी निघाली. नंतरच्या ट्रेलरमधलं काचेच्या कुपीतलं बाळ खरं निघालं. डिसेंबर २०१७ च्या ट्रेलरमध्ये माणसाला क्षणात म्हातारं करणारा पाऊस होता, तोही तसाच गेममध्ये आला, आणि खांद्यावर फडफडणारं यंत्रही आलं. म्हणजे वस्तूंच्या बाबतीत ट्रेलरने फसवलं नव्हतं.

२०१८ च्या ई-थ्री ट्रेलरमध्ये तर उत्तर उघड्यावर ठेवलेलं होतं. रीडस नदीतून चालतो, कड्यावर चढतो, पाठीवर माणसापेक्षा उंच ओझं घेऊन गवताळ माळ तुडवतो, आणि हे सगळं बराच वेळ चालतं. तरी लोक विचारत होते, "ठीक आहे, पण गेमप्ले कुठाय?" गेमप्ले तोच होता.

सेकंद मोजताना एक पथ्य मात्र पाळायला हवं: मोजायचे ते कृतीचे, नटांचे नाहीत. डिसेंबर २०१६ च्या ट्रेलरमध्ये प्रसिद्ध नट मॅड्स मिकेलसन आणि त्याच्या दोऱ्यांनी बांधलेल्या सांगाडा-सैनिकांनी उत्तरार्ध व्यापला होता, त्यामुळे हा युद्धाचा गेम वाटला. प्रत्यक्षात ते युद्धप्रसंग मोजकेच आहेत. प्रसिद्ध चेहऱ्याला ट्रेलरमध्ये जागा मिळते ती जाहिरातीची गरज म्हणून. पात्राचे हात-पाय काय करतायत हे जाहिरातीवर कमी आणि गेमच्या रचनेवर जास्त अवलंबून असतं.

पाहायचं कसं

व्हिडिओ कुठला घेता यावर अर्धं काम ठरतं. कार्यक्रमाच्या थेट प्रक्षेपणातून कापलेली किंवा दुसऱ्या कुणी पुन्हा चढवलेली प्रत वापरू नका, ती दोनदा दाबली (कॉम्प्रेस केली) गेलेली असते. स्टुडिओच्या अधिकृत चॅनलवरची प्रत घ्या आणि पडदा १०८०पी असला तरी व्हिडिओ २१६०पीवर ठेवा. यूट्यूब जास्त रेझोल्यूशनला जास्त बिटरेट (दर सेकंदाला जास्त डेटा) देतं, म्हणून लहान पडद्यावरही चित्र स्वच्छ दिसतं. थांबवल्यावर पूर्णविरामाच्या बटणाने एक फ्रेम पुढे आणि स्वल्पविरामाच्या बटणाने एक फ्रेम मागे जाता येतं. व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ई' दाबलं की एक फ्रेम पुढे सरकते. मागे जायची सोय हवी असेल तर एमपीव्ही हा प्लेअर बरा.

अंधारातली दृश्यं हा सगळ्यात मोठा सापळा, आणि 'ओडी'त अंधारच अंधार आहे. आठ बिटच्या व्हिडिओत काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम २२० पायऱ्या वापरात असतात आणि त्यातल्या अगदी थोड्या गडद भागाच्या वाट्याला येतात. त्यात एन्कोडर (व्हिडिओ दाबणारं सॉफ्टवेअर) बिट वाचवायला अंधारातच काटछाट करतो, कारण डोळ्याला तिथलं नुकसान कमी जाणवतं. मग कुणीतरी गॅमा (गडद भागाचा उजेड) वाढवतं, काळ्या भिंतीवर चौकोनी डाग उमटतात आणि दोन डाग शेजारी आले की त्याला भुताचा चेहरा म्हणून लाल गोल काढला जातो.

खरं-खोटं तपासायला दोन कसोट्या पुरतात. खोलीत खरोखर काही असेल तर कॅमेरा हलल्यावर ते खोलीबरोबर सरकतं, जवळच्या वस्तू जास्त आणि लांबच्या कमी. दाबण्यातून झालेला डाग पडद्याच्या चौकटीला चिकटून राहतो. शिवाय दर काही सेकंदांनी येणाऱ्या कीफ्रेमवर (पूर्ण नव्याने साठवलेल्या चित्रावर) तो एकदम पुसला जातो किंवा आकार बदलतो. दहा-बारा फ्रेम पुढे-मागे करा, दोन्ही कसोट्या लगेच लागतात. फक्त एकाच फ्रेममध्ये दिसणारी आकृती मी हिशेबात धरत नाही.

दृश्य प्रत्यक्ष इंजिनमध्ये (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालतंय की आधी रेंडर करून, म्हणजे चित्रपटासारखं तयार करून ठेवलेलं आहे, हे केसांवरून आणि प्रतिबिंबांवरून कळतं. हलत्या केसांमागे पुसट सावली रेंगाळते का? केसांच्या कडेला बारीक ठिपक्यांची जाळी दिसते का? कॅमेरा खाली वळून वस्तू पडद्याबाहेर गेली की ओल्या फरशीतलं तिचं प्रतिबिंबही गायब होतं का? हे सगळे रिअल टाइम चित्रणाचे दोष आहेत, आणि तपासणाऱ्याच्या दृष्टीने तेच पुरावे. साठ फ्रेमच्या व्हिडिओत प्रत्येक चित्र दोनदा येत असेल तर मूळ दृश्य तीस फ्रेमचं आहे.

आवाजासाठी ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर घ्या, ट्रॅकच्या मेन्यूतून स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनांचं चित्र) निवडा आणि विंडो साइझ ४०९६ ठेवा. सोळा किलोहर्ट्झच्या आसपास सगळा आवाज सरळ रेषेत कापलेला दिसला तर तो गुप्त संदेश नाही, आवाज दाबणाऱ्या एएसी पद्धतीत कमी बिटरेटला होणारा तो नेहमीचा कट आहे. 'नॉक'मधल्या थापा स्पेक्ट्रोग्रामवर उभ्या रेषांसारख्या दिसतात. डावं आणि उजवं चॅनल वेगळं करून प्रत्येक थापेची उंची दोन्हींकडे मोजली तर आवाज कुठल्या बाजूचा आहे हे कळतं. भयगेममध्ये हे मोजणं भिंतीवरचे डाग पाहण्यापेक्षा कितीतरी उपयोगी आहे, कारण आवाजाची दिशा ठरवूनच बसवलेली असते.

आणि तळाच्या बारीक अक्षरांतल्या ओळी वाचा. 'इंजिनमधलं चित्रण' याचा अर्थ दृश्य गेमच्या इंजिनमध्ये तयार झालं एवढाच. ते तुमच्या कन्सोलवर तसंच चालेल किंवा तो खेळण्याचा भाग आहे, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. 'अमुक कन्सोलवर चित्रित' हे बरंच भक्कम विधान. यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर हात आखडता ठेवा. २००५ च्या ई-थ्रीतला 'किलझोन २'चा ट्रेलर आधी रेंडर केलेला होता आणि गेम यायला २००९ उजाडलं. फेब्रुवारी २०११ मधला 'डेड आयलंड'चा उलट्या क्रमाने चालणारा ट्रेलर एका कुटुंबाची शोकांतिका सांगत होता, गेम मात्र हातातल्या हत्याराने झोंबी कापत फिरण्याचा निघाला.

खूण शोधणं कधी फळतं

एक अपवाद नमूद करायलाच हवा. डिसेंबर २०१२ मध्ये 'मोबी डिक स्टुडिओ' नावाच्या अनोळखी कंपनीचा 'द फँटम पेन' हा ट्रेलर आला. नावाच्या रचनेत तुटक्या रेघा होत्या आणि त्या मोकळ्या जागेत 'मेटल गिअर सॉलिड ५' ही अक्षरं अचूक बसत होती. स्टुडिओचा प्रमुख म्हणून पुढे आलेल्या 'जोआकिम'च्या नावातली रोमन अक्षरं हलवली की 'कोजिमा' तयार होतं. मार्च २०१३ मध्ये तो बँडेज बांधलेल्या तोंडाने मुलाखतीला बसला, आणि त्याच महिन्यात जीडीसी या गेम-निर्मात्यांच्या परिषदेत सगळं जाहीर झालं. ऑगस्ट २०१४ मधला 'पी. टी.' हा खेळता येणारा टीझरही '७७८०एस स्टुडिओ' अशा बनावट नावाने आला होता. लोकांनी काही तासांत त्याचं कोडं सोडवून 'सायलेंट हिल्स'चं नाव उघड केलं.

या दोन्ही वेळी खुणा फळल्या, कारण प्रश्न एकच होता: हा गेम कुणाचा आणि कुठला? असं कोडं सुटावं म्हणूनच घातलेलं असतं. गेम कसा खेळायचा, गोष्ट काय, हे त्या खुणांतून कुणालाच कळलं नव्हतं. 'पी. टी.'च्या शेवटी तर स्पष्ट लिहिलं होतं की हा फक्त टीझर आहे, मुख्य गेमशी याचा थेट संबंध नाही. 'ओडी'बाबत 'कुणाचा' हा प्रश्नच उरलेला नाही. नाव उघड आहे, मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स गेम स्टुडिओज प्रकाशक आहे, चित्रपट-दिग्दर्शक जॉर्डन पील सोबत आहेत. म्हणून इथे अक्षरांची जुळवाजुळव करण्यात वेळ घालवू नये असं मला वाटतं.

आता 'ओडी'

पहिल्या टीझरमध्ये सोफिया लिलिस, हंटर शेफर आणि उडो कियर या कलाकारांचे चेहरे अगदी जवळून दिसतात. ते एक विचित्र वाक्य बोलतात: भुकेला जांभळा डायनासोर कोल्ह्याला, बडबड्या खेकड्याला आणि वेड्या देवमाशाला खातो, वगैरे. खेकडा आणि देवमासा ऐकताच अनेकांना 'डेथ स्ट्रँडिंग'चा किनारा आठवला. पण हे वाक्य कोजिमांनी रचलेलं नाही. इंग्रजीतले सगळे ध्वनी एकाच वाक्यात यावेत म्हणून ते बनलेलं आहे आणि चेहऱ्याच्या ॲनिमेशनची चाचणी घ्यायला वापरलं जातं. नटाने ते एकदा म्हटलं की ओठ, जबडा आणि जिभेचे सगळे आकार नोंदले जातात, आणि डिजिटल चेहरा कुठे अडखळतो ते दिसतं. एरवी स्टुडिओच्या बंद खोलीत होणारी चाचणी इथे भय म्हणून आपल्यासमोर ठेवली आहे. त्यातून गोष्ट कळत नाही, पण एक पक्कं कळतं: या गेममध्ये चेहरे फार जवळून दिसणार आहेत.

'नॉक' खऱ्या अर्थाने वाचण्याजोगा आहे. अनरियल इंजिनमधलं चित्रण, बराच वेळ पात्राच्या डोळ्यांतून दिसणारी खोली, काडी ओढणं, ज्योत मेणबत्तीपर्यंत नेणं, पुन्हा काडी. मधूनच थापा. मग लिलिसचा घाबरलेला चेहरा, आणि शेवटी कुणीतरी तिला पकडतं. काही मेणबत्त्या बाळाच्या आकाराच्या आहेत, त्यावरून पुन्हा 'डेथ स्ट्रँडिंग'शी नातं जोडलं जातंय. बाळ 'पी. टी.'च्या सिंकमध्येही होतं, आणि त्या दोन गेमच्या कथांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता. कोजिमांना ती प्रतिमा पुन्हा पुन्हा खुणावते, एवढाच निष्कर्ष त्यातून निघतो.

कृती मोजली तर हातात राहतं ते काडी पेटवणं आणि ऐकणं. धावणं नाही, लपणं नाही, शस्त्र नाही. माझा अंदाज असा की इथलं मुख्य काम नजर एका बारीक कामावर खिळवून ठेवणं हे असेल. तुम्ही ज्योत सांभाळताय, म्हणून मागे वळून पाहता येत नाही, आणि भीती नेमकी मागून येते. कोजिमांनी या गेमचं वर्णन भीती सहन करण्याची मर्यादा तपासणं असं केलं आहे, त्याच्याशी हे जुळतं. मर्यादा तपासायची तर खेळणाऱ्याला जागेवर बसवावं लागतं, पळायची मोकळीक दिली की ताण विरतो.

दुसरा अंदाज थोडा कमी खात्रीचा. 'नॉक' हे उपशीर्षक स्वतंत्र आहे आणि पील यांच्याखेरीज आणखी निर्माते सामील होतील असं २०२३ च्या मंचावर सांगितलं गेलं होतं. त्यामुळे एकेका भीतीवर एकेक प्रकरण, अशी रचना मला शक्य वाटते. थापेची भीती हे एक प्रकरण, पुढचं कदाचित वेगळ्याच दिग्दर्शकाचं आणि वेगळ्याच भीतीचं.

तिसरा सगळ्यात कच्चा. पहिल्या टीझरच्या शेवटी खेळाडूंबरोबर किंचाळणाऱ्यांचाही उल्लेख आहे, आणि २०२२ मध्ये हा प्रकल्प मांडताना मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड तंत्राचा आधार असल्याचं सांगितलं होतं. दोन्ही एकत्र ठेवले तर इतरांच्या प्रतिक्रिया तुमच्या खेळात शिरतील असं काहीतरी सुचतं. मायक्रोफोन वापरला जाईल हे अनेकांचं म्हणणं यातूनच आलंय. पण दोन्ही टीझरमध्ये ते प्रत्यक्ष घडताना एक सेकंदही दिसत नाही, म्हणून मी त्यावर पैज लावणार नाही.

पुढचा टीझर आला की आधी घड्याळ लावा. पात्र खोलीतून बाहेर पडून वीस-तीस सेकंद सलग चालताना दिसलं, तर माझा पहिला अंदाज कोसळला असं समजा. नव्या नावाखाली नवी खोली आणि हातांना नवं काम दिसलं, तर दुसऱ्याला बळ मिळेल. आणि तळाची बारीक ओळ 'इंजिनमधलं चित्रण' वरून 'अमुक कन्सोलवर चित्रित' अशी बदलली आहे का, ते पाहायला विसरू नका.