डाव्या हाताच्या पताका

आमच्या लेकीला कात्रीचं लायसन्स मिळालं. हसू नका, खरंच असतं. ज्या जर्मनीत तळ्याकाठी गळ टाकून मासे धरायलाही परीक्षा द्यावी लागते, तिथे कात्री तशीच कशी हातात देतील? इथल्या बऱ्याच किटांमध्ये (किटा म्हणजे आपली बालवाडीच, फक्त दिवसभराची) पोरांना आधी कात्री धरायला शिकवतात. दुसऱ्याला देताना पाती मिटून आपल्या मुठीत ठेवायची आणि दांडा पुढे करायचा. कात्री हातात घेऊन पळायचं नाही. मैत्रिणीचे केस कापायचे नाहीत. मग सरळ रेघ, नागमोडी रेघ आणि शेवटी गोल कापून दाखवायचा. जमलं की नावाचं कार्ड मिळतं, त्यावर शिक्कासुद्धा.

आमचं घोडं गोलापाशी अडलं होतं. कागद कापला जायच्याऐवजी पात्यांत दुमडून चावल्यासारखा व्हायचा. एक दिवस न्यायला गेले तर तिच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. माझ्या पोटात गोळा, कुणाचे तरी केस गेले म्हणून! तर त्या म्हणाल्या, मुलगी डावखुरी आहे हे तुम्हाला माहीत असेलच, तिला आम्ही आजपासून डावखुऱ्यांची कात्री दिली आहे. आणि हिरव्या दांड्याची एक साधी कात्री दाखवली.

डावखुऱ्यांची कात्री वेगळी असते हे मला या वयात कळलं. मला वाटायचं दांड्याचा आकार बदलला की झालं. तसं नाही, पातीच उलटी लावलेली असतात. नेहमीची कात्री उजव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने दोन्ही पाती आपोआप एकमेकांना चिकटून चालतात, आणि कापायची रेघ डोळ्यांसमोर राहते. तीच कात्री डाव्या हातात गेली की दाब उलटा पडतो, पात्यांत फट राहते आणि कागद मधे घुसून दुमडतो. शिवाय रेघ पात्याच्या मागे लपते, म्हणून पोरगं मान वाकडी करून कापत बसतं. बघणाऱ्याला वाटतं, हिचा हातच बसलेला नाही. हिरवी कात्री हातात आली त्या आठवड्यात लेकीने गोल कापला. फार सुरेख नव्हता, पण गोल होता.

तेव्हा मला आठवला माझा धाकटा भाऊ. सांगलीच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला घोटीव कागदाची फुलं कापायची असत आणि याच्या फुलांच्या पाकळ्या उंदराने कुरतडल्यासारख्या. बाई सगळ्या वर्गाला वही दाखवून विचारायच्या, "हा हात आहे की पाय?" तोही हसायचा, आम्हीही हसायचो. आता तो चाकणला मशीन डिझाइन करतो आणि मजेत आहे, तेव्हा फार गहिवरायचं कारण नाही. पण ही कात्री इथे महाग मिळत नाही, बाकीच्या कात्र्यांच्या शेजारीच टांगलेली असते. आपल्या मेरठच्या कात्र्यांना २०१३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, शिंप्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या त्याच चालल्या आहेत. मग आमच्या शाळेच्या कपाटात एक उलटी कात्री असायला काय हरकत होती, एवढंच मनात येतं. (आमच्या घरी कुणी डाव्या हाताला कधी नाव ठेवलेलं नाही. जेवताना उजवा हात म्हणतो, तो वेगळा विषय आहे, आणि प्रसाद घेताना. त्यावर इथल्या कुणाशी वाद घालायची माझी तयारी नाही.)

लायसन्स हाती आल्या आल्या बाईसाहेबांचा पाचवा वाढदिवस आला. घोषणा झाली की सजावट सगळी मी कापणार. इथल्या रिवाजाप्रमाणे जितकी वर्षं तितके पाहुणे, म्हणजे पाच पोरं. आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये पहिल्या वाढदिवसाला वॉचमनची मुलं धरून शंभर पानं उठली होती, त्या मानाने हे हळदीकुंकूही नव्हे. आमंत्रणपत्रिका घरी केलेल्या हव्यात आणि त्यावर वेळ लिहायची तीन ते सहा. सहा म्हणजे सहा. पाहुण्याला कधी निघायचं हे छापून कळवायला माझा हात अजूनही रेटत नाही, पण सहा वाजता घर रिकामं झालं की त्या नियमाचा मान राखावासा वाटतो, हेही खरं.

सजावटीच्या बाबतीत पुण्यात असते तर बोहरी आळीत एक चक्कर मारली असती. फुगे, झिरमिळ्या, सोनेरी अक्षरं, पाचाचा आकडा, सगळं एका पिशवीत. किंवा फोन करून फुगेवाल्याला बोलावलं असतं, दोन तासांत कमान उभी. आणि त्यात काय पाप आहे? माझी आई जिल्हा परिषदेत नोकरी करून आमचे वाढदिवस करायची. तिला पताका कापायला कुणी वेळ दिला असता? इथे हातकामाचं जे कौतुक चालतं त्यामागे बऱ्याच आया अर्धवेळ नोकरी करतात हे कुणी बोलत नाही. आणि सगळं पोरंच करतात असंही नाही. पहिलीत जाताना मुलाच्या हातात देतात ना तो खाऊने भरलेला कागदी शंकू, त्यासाठी किटामध्ये आयांची खास संध्याकाळ ठरते. तिथे गरम गोंदाच्या बंदुका घेऊन बसलेल्या बायकांचे चेहरे बघा, गणपतीच्या मखराच्या स्पर्धेत परीक्षक यायच्या आधी असतात तसेच. कुणाच्या शंकूवर डायनासोरचे खवले एकेक करून चिकटवलेले, कुणाची जलपरी शिवलेली. म्हणजे हौस आणि चढाओढ दोन्हीकडे सारखीच.

पण घरच्या सजावटीला मात्र आमची लेक कुणाला हात लावू देईना, मलाही नाही. पताकांचे त्रिकोण कापले, एकही दुसऱ्यासारखा नाही. मी रात्री दोन-चार सरळ करायला घेतले तर सकाळी पकडले गेले. मग मी माझ्यासाठी वेगळं काम शोधलं, खिडकीतल्या चांदण्या. आपल्या पतंगाच्या कागदासारखा पातळ कागद इथे चौकोन कापूनच मिळतो. आठ चौकोन घ्यायचे. प्रत्येकाला कर्णावर घडी घालून उघडायचं आणि शेजारच्या दोन बाजू त्या घडीशी आणून मिळवायच्या, पतंगाचा आकार होतो. मग एकाची कड दुसऱ्याच्या मधल्या घडीवर ठेवून गोलाकार चिकटवत जायचं. हातात असताना ते काहीच दिसत नाही. काचेला लावलं आणि मागून उजेड आला की जिथे कागदाचे थर जास्त तिथे रंग गडद होतो आणि एका चांदणीच्या पोटात दुसरी चांदणी उमटते. दरवर्षी दिवाळीत आम्ही आकाशकंदिलाला पाकळ्या लावायचो, तेव्हा हे कुणी का दाखवलं नाही देव जाणे.

रविवारी संध्याकाळी, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, गोंद संपला. रविवारी इथे दुकानं बंद. नवरा म्हणाला पेट्रोल पंपावर मिळेल, तिथे चॉकलेट आणि गाडीचं तेल मिळालं. मग मी मैद्याची खळ केली. गार पाण्यात मैदा गुठळी न होऊ देता कालवायचा, मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक चकाकी आली की उतरवायचं. आई त्यात चिमूटभर मोरचूद घालायची, झुरळं लागू नयेत म्हणून. इथे ना झुरळ ना मोरचूद. समोरच्या घरातल्या आजी मदतीला आल्या होत्या, त्या पातेल्यात डोकावून म्हणाल्या, आमच्याकडेही युद्धानंतर असंच करायचे.

या आजींनी येताना शिवणाचा एक डबा आणला होता. त्यांच्या मुलांच्या वाढदिवसाची कापडी तोरणं, जुन्या चादरी आणि फ्रॉकांच्या तुकड्यांची. घेऊन जा, वर्षभर ठेवा, पुढच्या वर्षी परत द्या, म्हणाल्या. लेकीला डाव्या हाताने कापताना त्या बराच वेळ बघत होत्या. मग सांगितलं, त्याही डावखुऱ्या. शाळेत डाव्या हातात पेन्सिल दिसली की पट्टी बसायची. अजून लिहितात उजव्याने आणि बाकी सगळं डाव्याने. इथेही हेच होतं तर! मला उगीचच जरा बरं वाटलं.

तेवढ्यात साडेआठ वाजले आणि सांगलीहून व्हिडिओ कॉल. तिकडे बारा वाजलेले. आई, बाबा, भाऊ, वहिनी सगळे एका सुरात हॅपी बर्थडे! आजी ताडकन उठल्या. जर्मन माणसाला वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा देणं म्हणजे शुद्ध अपशकुन, कितीही शिकलेला असो. इथे अजून रविवार होता. त्यांनी टेबलावर तीनदा टकटक केली, मग लेकीच्याही मुठीने करवून घेतली. तिकडून आई विचारतेय, "दारात कोण आलंय गं?" वेळेचा फरक दोन्ही बाजूंना समजावता समजावता माझी दमछाक झाली. मग आईची नजर मागच्या भिंतीवर गेली.

"अगं, पताका वाकड्या कापल्यात."

"तिने स्वतः कापल्यात, आई."

"ते दिसतंय. वरून कुणी तरी जरा नीट कर की."

आईला बोलायचा हक्क आहे, असं माझं मत आहे. लेकीच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने माझ्या आत्याने घरी केले होते. खसखशीवर, तिळावर थेंब थेंब पाक सोडत, कोमट परातीत बोटांनी हलवत, तो हलवा दिवस दिवस चालतो. घाई केली की गुळगुळीत गोळे होतात. हळू केलं की त्याला काटा येतो. मग ते दाणे दोऱ्याने गुंफून मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा. काळ्या झबल्यावर पांढरीशुभ्र साखर. इथे पुठ्ठ्याच्या मुकुटाला सोनेरी कागद लावून किटामध्ये वाढदिवसाच्या मुलाला बसवतात, पुढे मेणबत्त्यांचं लाकडी कडं ठेवतात. गोडच दिसतं. पण हलव्याचा मुकुट बघितलेल्या बाईने त्यावर किती भाळावं? मी आजींना बोरन्हाणाचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि विचारलं, मग हे मुलीने स्वतः केलं का? ती तेव्हा एक वर्षाची होती, मी म्हणाले. हो, पण नंतर? आजींनी विचारलं. नंतर बोरन्हाण होत नाही फार, आणि हलवा एवढ्या मुलीला कसा जमेल, चटके बसतात. अशी माझी उत्तरं चालू होती.

मुलांनी कागद कापावा, घड्या घालाव्यात, विणावा, हे शिक्षण म्हणून मांडलं ते इथल्याच फ्रीडरिख फ्र्योबेलने. १८४० मध्ये त्याने आपल्या बालशाळेला किंडरगार्टन नाव दिलं. हे किटाच्या पालकसभेत कानावर पडलं तेव्हा मी घरी येऊन नवऱ्याला ताराबाई मोडकांवर छोटंसं भाषण दिलं. त्यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं, पुढे अनुताई वाघांबरोबर कोसबाडला. शिंपले, खडे, बिया, पानं, आजूबाजूला फुकट मिळेल त्यातून साहित्य उभं केलं. तिथे कुठलं लायसन्स आणि कुठला शिक्का. नवरा म्हणाला, भाषण छान आहे, पण तू स्वतः ज्या बालवाडीत गेलीस तिथे काय होतं? पाटी होती. उजव्या हातात धरायची पेन्सिल होती.

वाढदिवस झाला. पोरं डोळे बांधून, लाकडी चमचा आपटत पातेलं शोधत रांगली, पातेल्याखालचा खाऊ खाल्ला. मी केलेले शंकरपाळे केकच्या आधी संपले, याची नोंद घ्यावी. मेणबत्त्या विझवायच्या आधी मी औक्षण केलं, तेव्हा एका पोराने विचारलं, हिचे दिवे ही फुंकणार नाही का? नाही म्हटलं, हे फुंकायचे नसतात. ते फार आवडलं त्याला. सहा वाजून दोन मिनिटांनी शेवटची आई येऊन गेली. पताकांपैकी एक तिला हवी होती, तिच्या लेकाने मागितली म्हणून. लेकीने सर्वांत वाकडी निवडून दिली आणि बाकीच्या काढायला साफ नकार दिला.

दिवाळीत आम्ही सांगलीला येतोय. भावाच्या मुलाने परवा व्हिडिओवर पतंग कापून दाखवला, कात्री डाव्या हातात, मान तशीच वाकडी. वहिनी म्हणाली, "शाळेत बाई म्हणतात हात बदला, सवय लागेल." मी काही बोलले नाही, नणंदेने अशा वेळी बोलू नये. दोन हिरव्या कात्र्या घेऊन ठेवल्यात. एक भाच्याला आणि दुसरी त्याच्या वर्गाच्या कपाटात ठेवायला. चेक-इन बॅगेतच टाकायच्या, केबिनमध्ये जप्त करतील असं नवरा बजावतोय. भावाला विचारलं, तुलाही आणू का एखादी मोठी? त्याचं उत्तर आलं, "आण. पण आता उजव्या कात्रीने जमायला लागलंय गं, उलट्या कात्रीने कापताच येणार नाही."